उंबऱ्याखालच्या दोन पायऱ्या

“अहो, बसा की जरा!”

हे वाक्य मी सात वर्षांत इतक्या वेळा बोलले, की शेजारीण मला जिन्यात भेटली की हसत हसत आधी तेच म्हणायची. पण करणार काय? आमच्या ह्यांना एका जागी बसवतच नव्हतं. जेवताना दोन घास झाले की उठायचे, खिडकीशी जाऊन नदी बघायचे, परत पानावर यायचे. नळ गळत नसताना नळ खोलायचे. चांगल्या दाराच्या बिजागऱ्या काढून पुन्हा बसवायचे. एकदा मी दुपारी जरा आडवी झाले आणि उठून बघते तर काय, कपाट खोलीच्या मधोमध! विचारलं तर म्हणे, मागे ओल आली का ते बघत होतो. कसली ओल आणि कसलं काय! भिंत कोरडी ठणठणीत होती. ह्यांना काय टोचत होतं ते घरात दोघांनाच माहीत होतं, ह्यांना आणि मला. मुलींनाही आम्ही कधी कळू दिलं नाही.

हे नदीतल्या बेटावरच्या किल्ल्याचे राखणदार. आमची गल्ली काठालाच लागून आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर किल्ला दिसतो, म्हणजे दिसायचा तेवढाच दिसतो: एक उंच भिंत, दोन बुरूज, मधे दार आणि दारापासून पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. गल्लीत ह्यांना सगळे किल्लेदार म्हणतात. ऐकायला काय झोकदार वाटतं! पण किल्लेदार म्हणजे हातात झाडू, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि डोक्यावर सरकारी ऑफिसाने दिलेली टोपी, तीही एक माप मोठी. रोज सकाळी छोटी होडी वल्हवत पलीकडे जायचं, दार उघडायचं, वटवाघळांची घाण काढायची, आणि आलेल्या माणसांना किल्ल्याचा इतिहास सांगायचा. ह्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं.

इतिहास सांगायची ह्यांची एक पद्धत होती. सुरुवातच मुळी अशी: “हा किल्ला कुणी जिंकला नाही आणि कुणी हरला नाही.” झालं! तिथेच निम्म्या लोकांचे चेहरे पडायचे. पुढे सांगायचे, की एका सरदाराने हा बांधला तो लढायला नव्हेच. नदीतून मालाच्या होड्या जायच्या, त्यांच्याकडून जकात घ्यायला. बेटापासून काठापर्यंत पाण्यात लोखंडी साखळी टाकलेली. जकात दिली की साखळी खाली, नाही दिली की वर. चार पिढ्या त्या साखळीवर जगल्या. मग खालच्या अंगाला पूल झाला, माल गाड्यांनी जायला लागला, आणि होड्या बंद. साखळी कुणासाठी ओढणार?

शेवटी तिथे एक मालकीणबाई उरल्या. विधवा, एकट्या, एक स्वयंपाकीण सोबत. माणसं कमी झाली तसतशी त्या दरवर्षी एकेक खोली बंद करत गेल्या. असं करत करत दारावरच्या एका खोलीपर्यंत आल्या. एका सकाळी तीही झाडून घेतली, दाराला कुलूप लावलं, होडीत बसल्या आणि आमच्या ह्याच गल्लीत भाड्याने खोली घेऊन राहिल्या. त्यानंतर अकरा वर्षं तिथे तुरुंग होता, मग धान्याचं कोठार, मग उंदीर, मग काहीच नाही. मग लोकांनी दारं नेली, तुळया नेल्या, कड्याकोयंडे नेले. आमच्या न्हाणीघराच्या दाराला जी जाडजूड कडी आहे ती किल्ल्याचीच, आता मी कशाला खोटं बोलू?

“लढाई नाही झाली?” असं कुणीतरी विचारायचंच.

“नाही. लोक कंटाळले आणि निघून गेले.”

मी किती वेळा सांगितलं, अहो, एखादी लढाई घाला, एखादं भुयार घाला, माणसं लांबून येतात बिचारी. तर हे म्हणायचे, “झालंच नाही ते कसं सांगू?” असा माणूस. घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल तर वेळ सांगताना दोन मिनिटं वजा करून सांगणार. अशा माणसाच्या गळ्यात मी काय बांधलं, ते आता ऐका.

त्या पायऱ्यांचं आधी सांगितलं पाहिजे. एकूण किती ते कुणालाच ठाऊक नाही, कारण खालच्या कायम पाण्यात. पण आमच्या काठावर पाण्याचा अंदाज त्या पायऱ्यांवरून घ्यायची रीत. दाराखालची पहिली पायरी धरायची आणि खाली मोजत यायचं, कोरड्या किती दिसतात ते. पाच कोरड्या असल्या तर होडी सोडायची. चारच उरल्या तर बांधायची, मग समोर कुणी का उभा राहीना. माझ्या सासऱ्यांच्याही आधीपासूनचा हा नियम. काठावरची लहान पोरंही मोजायची. पुलाच्या खांबावर सरकारी आकडे रंगवलेले होते, पण ते बघायला तिथवर जातंय कोण!

सासरे गेल्यावर राखणदारी ह्यांच्याकडे आली आणि मोठी होडी माझ्या दिराकडे. भावोजी ह्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. हे त्यांना धाकट्याच म्हणतात, अजूनही. सडाफटिंग माणूस, लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडले नाहीत. दिवसभर माणसं या काठावरून त्या काठावर न्यायची, आणि दोन्ही वेळा जेवायला आमच्याकडे. जेवताना माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची आणि तिसऱ्यांदा भात मागायचा. मला म्हणायचे, “वहिनी, मीठ तुम्ही डोळे मिटून घालता का?” मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. पण ते जेवायला आले नाहीत तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आठ वर्षांपूर्वी ऑफिसाला एकदम किल्ल्याचा पुळका आला आणि दुरुस्ती निघाली. गवंडी आले, दगड आले. दगड नेले भावोजींनीच, आपल्या होडीतून, बेटाच्या मागच्या बाजूला उतरवून द्यायचे. आता किल्ल्याच्या दाराचा उंबरा होता मांडीएवढा उंच. वरच्या पायरीवर उभं राहून तंगडी टाकून आत जावं लागायचं. म्हाताऱ्या माणसांना तर धरून चढवायचं. गवंड्याने ह्यांना विचारलं, “राखणदार, उंबऱ्याखाली दोन पायऱ्या वाढवू का? दगड उरलेत.”

हे म्हणाले, “वाढवा की! लोकांची सोय होईल.”

एवढंच. सगळ्या पायऱ्या घासून, सांधे भरून एकसारख्या केल्या. नवी कुठली आणि जुनी कुठली, ओळखू म्हटलं तरी ओळखता येईना. मी पाहुण्यांना घेऊन बघायला गेले होते. आरामात आत शिरले आणि म्हटलं, वा, छान झालं!

काय घडलं होतं ते तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या नाही आलं. हे रोज बेटावर, पण हे पायऱ्या मोजतच नसत. छोटी होडी बांधायची लोखंडी कडी होती भिंतीत, ती बुडली की ह्यांनी त्या दिवशी जायचं नाही, एवढा ह्यांचा हिशेब. आणि काठावरचे सगळे पायऱ्या मोजत, पण वर दोन वाढल्या हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. भावोजी तर होडीतून कधी उतरत नसत. माणसं उतरवायची, वल्हं मारायचं आणि निघायचं. ज्याला ठाऊक होतं तो मोजत नव्हता, आणि जे मोजत होते त्यांना ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी पहिलं मोठं पाणी आलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. हे घरीच होते, कडी बुडली होती म्हणून. स्टोव्ह उघडून बसले होते. काठावर सहा माणसं पलीकडे जायला उभी होती. त्यात आमच्या समोरच्या टेलरमास्तरांची बायको होती. पलीकडच्या शाळेचे गणवेश शिवून झाले होते, ते पोचवायला दोन गाठोडी घेऊन निघाली होती. भावोजींनी मोजलं. पाच कोरड्या. तिनेही बोट करून मोजलं आणि म्हणाली, “पाच आहेत, चला, मला उशीर होतोय.” बाकीचे आपापलं सामान सांभाळत होते, मोजलं त्या दोघांनीच.

होडी बेटाच्या टोकाशी गेली आणि तिथल्या धारेने तिला आडवी केली. भावोजींनी आणि पलीकडून आलेल्या कोळ्यांनी मिळून पाच जणांना बाहेर काढलं. ती नाही सापडली. दुसऱ्या दिवशी खाली बऱ्याच लांब सापडली. गणवेश मात्र पुलाच्या खांबाला अडकून राहिले होते, छोटे छोटे पांढरे शर्ट. ते काढायला दोन दिवस कुणी धजावलं नाही.

चौकशी झाली. पुलाच्या खांबावरचा आकडा बघितला. एका जुन्या नावाड्याला विचारलं, तो म्हणाला, पुलाशी एवढं पाणी म्हणजे किल्ल्याच्या तीन पायऱ्या कोरड्या, पाच असूच शकत नाहीत. खरंच बोलला तो, त्याचं काय चुकलं? भावोजी आपले एकच धरून बसले: “पाच होत्या. मी मोजल्या. त्यांनीपण मोजल्या.” पण जिने मोजल्या ती साक्षीला येणार कुठून! परवाना गेला. होडी गेली. टेलरमास्तर सगळ्यांच्या देखत त्यांना म्हणाले, “तुला मोजता येत नाही की तू खोटं बोलतोस, तेवढंच मला सांग.” त्या दिवसापासून मास्तर त्यांच्याशी बोलले नाहीत. रस्त्यात समोर आले तरी मास्तर तोंड फिरवायचे.

पाचव्या दिवशी पाणी ओसरलं आणि हे बेटावर गेले. होडी कडीला बांधली. बांधता बांधता सहज नजर वर गेली. ती कडी दहाव्या पायरीशेजारी, हे ह्यांना लहानपणापासून पाठ. वडिलांनी तिथेच बसवून आकडे शिकवले होते. ह्यांनी वरून मोजलं. बारा.

भर दुपारी घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. चपलाही काढल्या नाहीत. म्हणाले, “दोन जास्त आहेत.”

“काय दोन जास्त?”

“पायऱ्या. धाकट्या खरं बोलत होता. पाचच दिसल्या त्याला. मीच वाढवायला सांगितल्या, आणि मीच कुणाला बोललो नाही.”

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा हातातली पळी खाली ठेवली, दार लावून घेतलं आणि म्हणाले, “गप्प बसा.”

होय, मीच. दुसरं कुणी नाही. म्हटलं, दोन मुली शाळेत आहेत. तुम्ही तोंड उघडलंत तर नोकरी जाईल, वर कोर्टकचेरी मागे लागेल. भावोजींच्या मागे ना पोर ना बाळ, ते कसंही निभावून नेतील. म्हटलं, गेलेली बाई परत येणार आहे का? झाकली मूठ सव्वा लाखाची. हे खुर्चीवर बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून. बराच वेळ बसले होते. त्यानंतर नीट बसलेलं मी ह्यांना पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी लाल रंगाचा डबा नेला आणि किल्ल्याच्या भिंतीवर हातभर रुंद पट्टा ओढला. गल्लीत सांगून आले, आता पायऱ्याबियऱ्या मोजू नका, पाणी पट्ट्याला टेकलं की होडी बंद. लोक म्हणाले, बरं केलंत, किल्लेदार. सगळ्यांनी पाठ थोपटली. हे घरी येऊन मोरीत हात घासत बसले, रंग केव्हाच निघून गेला होता तरी.

भावोजी बर्फाच्या कारखान्यात लागले. मागच्या बाजूला एक खोली मिळाली, तिथेच राहायला गेले. आमच्याकडे यायचे बंद झाले. भांडण नाही, काही नाही, नुसते यायचे थांबले. मग मी डबा सुरू केला. रोज अकराच्या ठोक्याला मी कारखान्याच्या मागच्या दाराशी. भावोजी ओले हात पुसत यायचे, डबा घ्यायचे, कालचा धुतलेला परत द्यायचे. “मुली बऱ्या आहेत?” “बऱ्या आहेत.” एवढंच बोलणं. मिठाबद्दल एक शब्द नाही! कधी कधी मी मुद्दाम मीठ जास्त घालायचे. तरी नाही. सात वर्षं मी त्या डब्यावर स्वतःची समजूत घातली, की मी काही अगदीच वाईट बाई नाही.

आणि गेल्या वर्षी ऑफिसातून एक बाई आल्या. तरुण, हुशार, बोलायला गोड. किल्ल्याच्या दाराशी मोठा लोखंडी फलक लावायचा होता, त्यावर किल्ल्याचा इतिहास. टाइप केलेली दोन पानं घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, “तुमच्याकडूनच बरीच माहिती मिळाली आहे. एकदा वाचा आणि खाली सही करा, वाचले, माहिती बरोबर आहे, अशी. मी परवा येऊन घेऊन जाईन.”

हे उभ्या उभ्याच वाचत होते. सरदार, साखळी, मालकीणबाई, तुरुंग, सगळं बरोबर. मालकीणबाईंचं वाचून तर हे चक्क हसले. मग दुसरं पान उलटलं आणि हसणं गेलं. तिथे लिहिलं होतं: दाराच्या पायऱ्या दुरुस्त करून मूळ होत्या तशाच ठेवण्यात आल्या आहेत.

बाई गेल्या. ह्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, टोपण लावलं. खिडकीशी गेले. परत आले. पुन्हा टोपण काढलं. अशी ती संध्याकाळ गेली.

“करून टाका सही,” मी म्हटलं. “एका ओळीने काय होतंय?”

“लोखंडात ओतणार आहेत ते.”

“मग ओतू देत!”

“अगं, मूळ होत्या तशाच, असं म्हटलं की धाकट्या खोटारडा. आत्तापर्यंत लोकांच्या तोंडात होता, आता फलकावर जाईल. आणि खाली सही माझी.”

“पाच महिने राहिलेत तुमच्या निवृत्तीला. एवढी वर्षं काढलीत ना?”

हे ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. पण म्हणाले, “मी काढली नाहीत. मला कुठे काढता आली?” आणि बिनसाखरेचा चहा तसाच पिऊन टाकला. मी साखर घालायला विसरले होते, ह्यांना कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, टोपी घातली, ती दोन पानं हातात घेतली आणि जिना उतरले. मला वाटलं, बेटावर निघाले. खिडकीतून बघते तर समोर मास्तरांच्या दुकानात! तशीच ओल्या हातांनी खाली धावले.

मास्तर मशीनवर होते. हे दुकानाच्या पायरीवर उभे. मला बघून म्हणाले, “धाकट्याला बोलावून आण.”

“अहो, घरी चला, मी काय म्हणते...”

“बोलावून आण म्हटलं ना.”

तीस वर्षांत ह्या आवाजात बोलले नव्हते. मी गेले. कारखान्यापर्यंतचा रस्ता रोजचाच, पण त्या दिवशी संपता संपेना. पुढे दिसेल त्या बाकावर बसून राहावं असं वाटत होतं, आणि पाय मात्र धावत होते. भावोजींना एवढंच म्हटलं, “ह्यांनी बोलावलंय, मास्तरांच्या दुकानात.” त्यांनी हातमोजे काढले आणि निघाले.

आम्ही पोचलो तेव्हाही मास्तर शिवतच होते. मान वर केली नाही. ह्यांनी आम्हाला बघितलं आणि बोलायला सुरुवात केली. लोकांना इतिहास सांगतात ना, अगदी तसंच, सरळ उभं राहून.

“मास्तर, किल्ल्याची दुरुस्ती झाली तेव्हा उंबऱ्याखाली दोन पायऱ्या नव्या घातल्या. मला विचारून घातल्या. मी काठावर कुणालाही सांगितलं नाही, माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या दिवशी पाच कोरड्या दिसत होत्या. वरच्या दोन नव्या. जुन्या तीनच होत्या. धाकट्याने बरोबर मोजलं. तुमच्या मंडळींनीपण बरोबर मोजलं. हे मला पाचव्या दिवशी कळलं. आणि मी सात वर्षं लपवलं.”

मशीन थांबलं. मास्तरांच्या बोटांत कापड तसंच धरलेलं.

मग मास्तर भावोजींकडे बघून बोलले, सात वर्षांत पहिल्यांदा. “तुला माहीत होतं?”

भावोजी म्हणाले, “सहाव्या दिवशी कळलं.”

हे गर्रकन वळले. “काय?”

“दादा, तू लाल पट्टा ओढत होतास, तेव्हा मी काठावर उभा होतो. मनात म्हटलं, हा आत्ताच पायऱ्या मोजू नका का म्हणतोय? मग दगड आठवले. माझ्याच होडीतून गेले होते की! तुझं काम झाल्यावर एका कोळ्याला म्हटलं, मला जरा सोड तिकडे. गेलो आणि मोजल्या.”

“मग बोलला का नाहीस?” मास्तर ओरडले. “मी तुला नाही नाही ते बोललो! भर चौकशीत!”

भावोजी इकडेतिकडे बघायला लागले. शेवटी म्हणाले, “दादाच्या पोरी लहान होत्या.”

माझेच शब्द. दार लावून मी जे बोलले होते, तेच. फक्त मी ते ह्यांना गप्प करायला वापरले होते, आणि हा माणूस स्वतःच त्यांच्यासाठी गप्प बसला होता. सात वर्षं माझ्या हातचा डबा घेत होता, आणि सगळं माहीत असून घेत होता.

मास्तर उठले. खडूचा तुकडा हातात होता तो टेबलावर ठेवला. ह्यांच्यासमोर येऊन म्हणाले, “सात वर्षं मी चुकीच्या माणसाशी बोलायचं टाकलं होतं.” मग हळूच म्हणाले, “जा तुम्ही, किल्लेदार. फलकावर मात्र खरं लिहा.”

हे पायरी उतरले. ह्यांनी भावोजींच्या खांद्यावर हात ठेवला, भावोजींनी तो काढला नाही. दोघंही रडत होते आणि दोघंही नाक ओढत दुसरीकडे बघत होते. एवढे मोठे बाप्ये! मी मात्र रडू शकले नाही. कारण ह्यांनी सगळं सांगितलं, मी वाढवल्या, मी लपवलं, मी, मी, मी. हिने मला गप्प बसवलं, हे नाही सांगितलं. माझा साधा उल्लेखही केला नाही.

ह्यांनी ती ओळ खोडून स्वतःच्या अक्षरात दुसरी लिहिली आणि खाली सही केली. ऑफिसात खळबळ उडाली. ह्यांना दोनदा बोलावलं, लेखी जबाब घेतला, काही दिवस घरी बसवलं. शेवटी निवृत्तीच्या दिवशी निरोप नाही की काही नाही, नुसत्या किल्ल्या जमा करून घेतल्या. पण त्या बाई भांडल्या म्हणे, आणि फलक लागला. खालच्या दोन ओळी ह्यांच्या आहेत: वरच्या दोन पायऱ्या दुरुस्तीच्या वेळी नव्याने बसवल्या आहेत. पाण्याचा अंदाज घेताना त्या मोजू नयेत.

मास्तरांनी भावोजींना दुकानात बोलावून माप घेतलं आणि दोन शर्ट शिवले. आमच्याशी ते बोलत नाहीत. आमचे कपडे आम्ही मागच्या गल्लीत शिवायला देतो, आणि ते योग्यच आहे.

हे आता बसतात. जेवायला बसले की पान स्वच्छ करून उठतात. दुपारी खुर्चीत डुलक्या काढतात, पेपर घसरून पायांवर पडतो तरी कळत नाही. मला बघवत नाही. म्हणजे बरं वाटतं, आणि बघवतही नाही.

महिनाभर मी तसाच डबा नेत राहिले. एक दिवस नाही राहवलं. भावोजींनी डबा घ्यायला हात पुढे केला तेव्हा मी तो सोडलाच नाही. म्हटलं, “भावोजी, हे बोलणार होते. पाचव्या दिवशीच बोलणार होते. मी गप्प बसवलं.”

मागे बर्फ फोडायचं यंत्र चालू होतं.

“ते माहीतच होतं, वहिनी,” म्हणाले. “दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही. तो आपल्या मनाने सात वर्षं गप्प बसेल होय?”

“मग तुम्ही माझा डबा का घेत होतात?”

“तुम्ही आणत होता म्हणून.”

मग त्यांनी माझ्या हातातून डबा हळूच सोडवून घेतला, कालचा रिकामा दिला आणि म्हणाले, “उद्यापासून नका आणू.”

आणि आत गेले. राग आला म्हणून नको, की आता त्याची गरज उरली नाही म्हणून नको? मला विचारायची हिंमत झाली नाही. दाराशी उभी राहिले, कुणीतरी बर्फाची लादी घेऊन आलं आणि “बाई, बाजूला व्हा” म्हणालं, तशी बाजूला झाले.

त्याला आता चार महिने झाले. भावोजी ह्यांना भेटतात, काठावर दोघं बसलेले मला खिडकीतून दिसतात. हसतातसुद्धा. वर मात्र येत नाहीत. आणि अकरा वाजले की माझे हात आपोआप डबा भरतात. भरते, झाकण लावते, खिडकीशी जाते, परत येते, झाकण उघडून बघते, मीठ नीट पडलंय का ते चाखते. परत खिडकीशी.

हे पेपरातून डोकं वर काढतात आणि म्हणतात, “अगं, बस की जरा.”